कालवांवरून अबोला

तोक्योला आल्या दिवशीच जयमालाबाईंनी फर्मान काढलं होतं. नव्वद दिवसांचा व्हिसा आहे, मला सुखानं राहायचंय, तेव्हा या घरात अमेरिकेच्या राजकारणाचा एक शब्द निघता कामा नये. त्या दिवशी घरात अमेरिकेचं कुणीच नव्हतं, त्यामुळे फर्मान पाळणं कुणाला जड गेलं नाही. आता मात्र त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी थोरला नंदकिशोर ओहायोहून येऊन दाखल झाला होता. त्याची लेक केतकी त्याच्या आधीच येऊन बसली होती. आणि तोयोसुतल्या चौदाव्या मजल्यावरच्या त्या आटोपशीर फ्लॅटमध्ये हे बापलेक एकमेकांशी घरच्या धाकट्या सुनेमार्फत, म्हणजे पद्मिनीमार्फत, बोलत होते.

"पद्मिनी, तिला आमटी हवी का विचार," नंदकिशोर म्हणाला. ती म्हणजे टेबलाच्या पलीकडे, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर बसलेली केतकी.

"काकू, त्यांना सांग, मी घेतलीये."

पद्मिनीनं पातेलं दोघांच्या मधोमध ठेवलं. कावासाकी शहरातल्या ऑफिसात भारतीय इंजिनियर आणि जपानी गिऱ्हाईक यांच्यामध्ये बसून ती दिवसभर हेच करायची. तिथे निदान त्याचा पगार मिळत होता.

भांडण सगळ्या खानदानाला पाठ होतं. केतकी अमेरिकेतल्या एका विद्यापीठात कालवांवर, म्हणजे ऑयस्टरवर, संशोधन करायची. समुद्रात पोहणारं कालवाचं पिल्लू आवाजावरून आपल्या खडकाची वस्ती कशी ओळखतं, असा काहीतरी तिचा विषय. पैसा सरकारी. वर्षापूर्वी सरकारनं खर्चाला कात्री लावली तेव्हा नंदकिशोरला मनापासून आनंद झाला, कारण तो जन्माचा काटकसरी आणि पक्का रिपब्लिकन. त्या आनंदाच्या भरात त्यानं घरच्या ग्रुपवर एक मजकूर ढकलला: 'सरकार कालवांना गाणी ऐकवतंय, बिल तुमच्या खिशातून!' खाली हसून लोळणारे चेहरे. न वाचता पुढे ढकलायची या घरातल्या पुरुषांची जुनीच खोड. पाच मिनिटांनी केतकीचं उत्तर आलं, 'बाबा, ती कालवं माझी आहेत.' आणि ती ग्रुप सोडून गेली. त्याच आठवड्यात तिची नोकरीही गेली. नंदकिशोरनं त्यावर काय करावं? राष्ट्रीय कर्जावरचा एक लेख पाठवला. तेव्हापासून अबोला.

"आई, उद्याचे दिवे बघा," पद्मिनी विषय बदलत म्हणाली आणि तिनं पिशवीतून शंभर येनच्या दुकानातले बॅटरीचे दिवे काढले. कळ दाबली की पिवळी ज्योत लुकलुकायची. "अगदी खऱ्यासारखे दिसतात."

नंदकिशोरनं एक दिवा हातात घेऊन उलटा करून पाहिला. "आईचं सहस्रचंद्रदर्शन आणि ओवाळायचं प्लॅस्टिकनं?"

"इमारतीत ज्योत चालत नाही, भाऊजी. छताला धूर ओळखणारी यंत्रं आहेत."

"म्हणजे घरात दिवा लावायला पण परवानगी. मी हेच सांगत असतो. एकदा सरकारला..."

"दादा, इथे सरकार नाही, सोसायटी आहे," प्रसन्न घाईघाईनं म्हणाला. पद्मिनीचा हा नवरा आयुष्यात कुणाच्याच बाजूनं नसायचा, आणि म्हणूनच नेमक्या वेळी चुकीचं बोलायचा. "आणि सरकार वाईट असतंच असं नाही रे. नुपूर लहान असताना इथल्या वॉर्डानं तिच्या डॉक्टरचा एक पैसा घेतला नाही. सगळं फुकट."

"फुकट काही नसतं, प्रसन्न. कुणीतरी भरतंच. माझ्या कारखान्यात बावीस माणसं आहेत. एक साधं भट्टीचं परवानापत्र मिळवायला वर्ष गेलं माझं, तेवढ्यात दोघांना घरी बसवावं लागलं. तो परवाना देणाऱ्याचा पगार कोण करतं? ती दोन माणसंच ना?"

"काका," केतकी भिंतीकडे बघत म्हणाली, "घरी बसवलेली माणसं मोजताना काही लोक आपल्या घरातलं माणूस मोजत नाहीत."

"आणि काही लोकांना," नंदकिशोर पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याचं बोलणं ऐकवत नाही. हॉलच्या दाराशी आरडाओरडा करून बोलणाऱ्याला पळवून लावतात आणि वर अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या गप्पा मारतात."

केतकीनं चमकून वर पाहिलं. जयमालाबाईंनी वाटी टेबलावर आपटली.

"नियम काय ठरलाय?"

सगळ्यांनी माना ताटात घातल्या. तेरा वर्षांची नुपूर जपानीत आईला हळूच म्हणाली, की आजीच्या नियमामुळे जेवताना शाळेतल्या परीक्षेसारखं वाटतं. पद्मिनीनं तिला डोळ्यांनी दटावलं. मनातून मात्र तिला पटलं होतं. या दोघांच्या बाबतीत राजकारण वगळायचं तर उरत काय होतं? तिची नोकरी राजकारणात गेली होती, याचा कारखाना राजकारणात अडकला होता, आणि आता तर दिवेही.

जेवणं आटोपल्यावर केतकी भांडी पुसायला आली. ओट्याशी उभी राहून ती बराच वेळ एकच ताट पुसत राहिली.

"सोमवारी मला त्यांना कळवायचंय, काकू."

हे गुपित आठवडाभर या घरात फक्त पद्मिनीपाशी होतं. जपानच्या उत्तरेला, सेन्दाई शहराजवळच्या एका किनाऱ्यावर मत्स्यसंशोधन केंद्र होतं. त्यांनी केतकीला बोलावलं होतं, आणि आजीच्या निमित्तानं ती आधी तिथे जाऊनही आली होती. अमेरिका सोडून इथे राहायचं, निदान पाच वर्षं. आईला, म्हणजे स्नेहलतावहिनींना, तिनं फोनवर सांगितलं होतं. त्या गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे घरीच अडकल्या होत्या आणि रडून मोकळ्या झाल्या होत्या.

"मग सांग ना बाबांना. अजून दोन दिवस आहेत."

"सांगून काय होणार? 'बरं' म्हणतील." तिचं मराठी अमेरिकन वळणाचं, पण रडू आलं की अगदी चिंचवडचं व्हायचं. "मला त्यांची परवानगी नकोय. एवढंच ऐकायचंय, की मी सहा वर्षं केलं ते वाया नव्हतं. ते न ऐकता गेले ना, तर मी पळून आले असं मला जन्मभर वाटेल."

"आणि ऐकायला मिळालं नाही तर?"

"तर जाईन. पण मग परत ओहायोला जाणं नाही होणार, काकू. मला माझं माहितीये."

पद्मिनीनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. मग तिच्या पाठीवरून हात फिरवला.

शनिवारी सकाळी पद्मिनी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी आली आणि तिथेच थबकली. आत नंदकिशोर कणीक मळत होता आणि केतकी ओट्याशी उभी राहून त्या कणकेचे दिवे वळत होती. एक अक्षर बोलणं नाही. तो गोळा करून पुढे सरकवायचा, ती अंगठ्यानं खळगा पाडून ताटात मांडायची. अर्धं ताट भरलं होतं. प्लॅस्टिकचे दिवे कुणीतरी पिशवीत भरून कपाटात टाकून दिले होते.

आता इथे पद्मिनीनं इमारतीचा नियम सांगायला हवा होता. अठरा वर्षं जपानात राहिलेल्या बाईला ते शोभलं असतं. पण वर्षभरात पहिल्यांदा या दोघांना एका कामाला लागलेलं पाहून तिची जीभच रेटेना. ती पाऊल न वाजवता मागे फिरली आणि बाल्कनीचं दार तेवढं सताड उघडं ठेवून आली.

गुरुजी पुण्याहून आयपॅडवर आले. तिथे अजून पुरतं उजाडलं नव्हतं आणि त्यांच्या मागे कुणीतरी चहाचे कप वाजवत होतं. जयमालाबाई नारायणपेठी नेसून पाटावर बसल्या. चेहरा लहान मुलीसारखा उजळला होता. एक्याऐंशी दिवे पेटले. तुपाचा वास सुटला. खाडीवरून गार वारा येऊ लागला म्हणून प्रसन्ननं शहाण्यासारखं उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं. थोरला म्हणून नंदकिशोरनं ताटाला हात घातला, ताट जड होतं, आणि दुसरा हात कुणाचा लागला म्हणून त्यानं पाहिलं तर केतकीचा. दोघांनी मिळून ओवाळलं. पद्मिनीचे डोळे भरून आले.

"आता कापूर," गुरुजी पडद्यातून म्हणाले. "भरपूर घाला. यजमान, हात आखडता नको!"

गुरुजींना छत दिसत नव्हतं. नंदकिशोरनं डबीच पालथी केली. काळा धूर सरळ वर गेला, आणि पुढच्या क्षणी भिंतीतून एक बाई अत्यंत शांत आवाजात आणि कानठळ्या बसतील इतक्या जोरात बोलू लागली. काजी देसु. काजी देसु. आग लागली आहे, आग लागली आहे. वरच्या मजल्यावर तीच बाई बोलू लागली, खालच्याही. गुरुजी विचारत होते, "मध्येच कोण बोलतंय?"

मग जे व्हायचं ते सगळं झालं. पहारेकरी धावत वर आला, खाली लाल बंब येऊन उभा राहिला, हेल्मेट घातलेल्या तरुण जवानांनी बूट काढून, हो, बूट काढून, घरात येऊन कणकेचे दिवे पाहिले आणि जयमालाबाईंना वाकून नमस्कार केला. लोक जिन्यांवरून खाली उतरत होते. आग नाही हे ठरायला फार वेळ लागला नाही. इमारतीचे व्यवस्थापक मात्र काहीच बोलले नाहीत, नुसते "असो" अशा अर्थाचं हसले. ते हसणं म्हणजे राग, हे पद्मिनीला अठरा वर्षांत कळलं होतं.

"आजच जायला हवं," ती म्हणाली. "शेजारच्या दोन्ही घरी, वर आणि खाली. प्रसन्न, स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून खाऊचे डबे आण. नीट बांधलेले. आपले लाडू नकोत."

"आपले लाडू काय वाईट आहेत?" नंदकिशोर म्हणाला.

"माफी मागायला जाताना घरचं नेत नाहीत, भाऊजी. आणि तुम्ही यायचंय. केतकी, तूही. ज्यांनी दिवे लावले त्यांनी दारात उभं राहायचं, इथे असंच असतं."

हे पूर्ण खरं नव्हतं. घराची मालकीण एकटी गेली असती तरी भागलं असतं. पण पद्मिनीनं ते ठोकून दिलं आणि तिच्या कपाळावर आठीसुद्धा उमटली नाही.

शेजारच्या घरी तान्हं बाळ होतं. ते नुकतंच परत झोपलं होतं. दारातल्या तरुण आईसमोर पद्मिनी कमरेतून वाकली, केतकी वाकली, आणि नंदकिशोर इंग्रजीत म्हणाला, की तुमची यंत्रणा गरजेपेक्षा फारच नाजूक आहे, एवढ्याशा कापरानं खरं म्हणजे असं व्हायला नको. पद्मिनीनं त्याचं भाषांतर 'झोपमोड केली, फार चुकलं' असं केलं. केतकीला जपानी बऱ्यापैकी कळत होतं. तिनं ओठ दाबून धरले. दुसऱ्या घरी नंदकिशोरनं दिव्यांची परंपरा समजावली. खालच्या मजल्यावर गुरुजींचा दोष सांगितला. प्रत्येक दारात पद्मिनी तेच एक वाक्य म्हणत राहिली, आणि लोक मान लववून, डबा घेऊन, हळूच दार लावत राहिले.

वरच्या मजल्यावर मोरिता-सान, म्हणजे मोरिताबाई, राहायच्या. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांनी डबा हातात घेतला नाही. त्या बोलू लागल्या, आवाज न चढवता, पण थांबल्याही नाहीत.

"काय म्हणतायत?" नंदकिशोरनं विचारलं.

पद्मिनी अडखळली. जपानी शेजारीण तोंडावर असं बोलते हे तिनं इतक्या वर्षांत अनुभवलं नव्हतं. तेव्हा केतकी बोलली, थेट वडिलांशी, वर्षभरानं.

"त्या म्हणतात, मागे त्यांचं कंबरेचं हाड मोडलं होतं. लिफ्ट बंद होती. त्या जिन्यानं उतरल्या, मध्येच पाय उचलेना, म्हणून पायरीवर बसून राहिल्या. त्यांना वाटलं, इथेच मरणार. खूप घाबरल्या, बाबा."

नंदकिशोरनं तोंड उघडलं. काहीतरी कारण त्याच्या ओठांवर आलेलं पद्मिनीला स्पष्ट दिसलं. मग त्यानं त्या म्हातारीच्या काठीकडे पाहिलं, आणि तोंड मिटलं. तो वाकला. साठीला आलेला, पोट सुटलेला तो गृहस्थ इतका खाली वाकला की त्याच्या टकलावर लाइट चमकला, आणि तसाच राहिला.

"चुकलं माझं," तो मराठीत म्हणाला. "तुम्हाला त्रास झाला. माझ्यामुळे झाला."

पद्मिनीनं भाषांतर केलं नाही. मोरिता-सान थोडा वेळ त्या वाकलेल्या पाठीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दोन्ही हातांनी डबा घेतला आणि विचारलं, की तुमच्या आईंचा समारंभ पुरा झाला का? झाला म्हटल्यावर त्या म्हणाल्या, बरं झालं. ऐंशीच्या पुढे गेलेल्या माणसाचं काही अर्धवट राहू नये.

दार लागलं. तिघं लिफ्टपाशी येऊन उभी राहिली. लिफ्ट तळमजल्यावर अडकून बसली होती.

"बाबा, तुम्ही 'चुकलं' म्हणालात," केतकी म्हणाली. "मी तुमच्या तोंडून हा शब्द पहिल्यांदा ऐकला."

नंदकिशोर लिफ्टच्या बंद दाराकडे बघत राहिला. "मी वाचला नव्हता तो मजकूर. ढकलला नुसता. नंतर तुझा निबंध मागवून वाचला."

"माझा पेपर? तुम्ही?"

"तीनदा. निम्मा कळला नाही. पण त्या पिल्लाला धड डोळे नाहीत, काही नाही, आणि तरी आवाज ऐकून ते आपल्या माणसांपर्यंत पोहोचतं, एवढं कळलं. ते वाचून मला..." त्यानं लिफ्टचं बटण उगीच पुन्हा दाबलं. "केतू, ते वाया नाही. कुठल्याच बाजूनं नाही. सरकारनं सगळ्याला पैसे पुरवावेत हे मला आजही पटत नाही. पण हसायला नको होतं. लेकीच्या कामाला बाप हसला, हे वाईट झालं."

केतकी रडायला लागली. पद्मिनीला वाटलं, आपण जिन्यानं निघून जावं, पण ती तिथेच थांबली.

"मग वर्षभर का नाही बोललात?"

"कारण तो निबंध वाचल्यावर मी आलो होतो तुझ्याकडे." तो आता तिच्याकडे वळला. "त्या दिवशी तुमच्या विद्यापीठात एका अर्थतज्ज्ञाचं भाषण होतं. त्याचं मी सगळं वाचलंय. म्हटलं, भाषण ऐकू, तुला भेटू, दोघं जेवायला जाऊ. चार तास गाडी चालवली. दाराशी गर्दी होती. तू त्यात होतीस. 'गो होम' ओरडत होतीस."

"बाबा, ते त्याला होतं. तो जे लिहितो त्यानं..."

"माहितीये. मला नव्हतं. पण ते दोन शब्द मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा तू जन्मली नव्हतीस. टोलेडोत, पेट्रोल पंपावर. नवी नोकरी, तुझ्या आईला नुकतं आणलं होतं. ती गाडीत बसली होती. तिनं विचारलं, काय म्हणाला तो? मी म्हटलं, रस्ता विचारत होता." तो थांबला. "तुझ्या तोंडून ऐकलं आणि मी तसाच परत गेलो. चार तास."

केतकीनं दोन्ही हात तोंडावर ठेवले.

"त्या माणसाला तिथे बोलवायला नको होतं असं मला अजून वाटतं," ती शेवटी म्हणाली. "पण बोलू द्यायला हवं होतं. आणि ते नको होतं ओरडायला. कुणालाच नको होतं. सॉरी, बाबा. मला माहीत असतं ना, तर..."

"राहू दे. कारणं नकोत. मी तीन दारांत देऊन आलोय."

ती रडता रडता हसली आणि त्याच्या खांद्यावर डोकं टेकवून उभी राहिली. आणि मग तिथेच, लिफ्टच्या दाराशी, तिनं सेन्दाईचं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. नंदकिशोरच्या चेहऱ्यावरून एक ढग सरकून गेला. लेक आणखी एक समुद्र ओलांडून पलीकडे राहणार होती.

"तुला जायचंय?"

"हो."

"मग जा. चांगलं काम कर." तो नाक पुसत म्हणाला. "पगार कोण देणार?"

केतकी खाली बघत पुटपुटली, "सरकार."

"म्हणजे आता जपानचं सरकार!" नंदकिशोरनं कपाळाला हात लावला. "बिचारे जपानी. काय वाकून नमस्कार करतात, आणि त्यांच्या खिशातून माझीच पोरगी..."

पुढचं त्याला बोलता आलं नाही, कारण तिघंही इतक्या मोठ्यानं हसली की पद्मिनीला त्यांना शू करावं लागलं. लिफ्ट आली.

घरी जयमालाबाई शाल पांघरून जेवणासाठी खोळंबल्या होत्या. साखरभात केव्हाच गार झाला होता. केतकीनं त्यांच्या पायांशी बसून सगळं सांगितलं. म्हातारी लक्ष देऊन ऐकत होती. कालवं तिला नवी नव्हती. गुहागरला तिच्या लहानपणी बायका कोयता घेऊन ओहोटीला खडकांवर जायच्या. आवाज ऐकून येतात होय, ती म्हणाली, आम्ही मेलं कधी विचारलंच नाही त्यांना.

मग तिनं नंदकिशोरकडे पाहिलं.

"नंदू, मी नियम केला तो चुकला. मला वाटलं, विषय बंद केला की भांडण मिटेल. तुमचं बोलणंच मिटलं. आता काय भांडायचं ते भांडा. पण टेबलावर बसून, आणि तिसऱ्याच्या तोंडून निरोप न धाडता. पद्मिनीला जेवू दे बिचारीला."

त्यांना तेवढंच हवं होतं. साखरभाताचा पहिला घास संपायच्या आत नंदकिशोर म्हणाला, की ठीक आहे, कालवं राहू देत, पण बाकीच्या हजार खर्चांचं काय, पुढच्या पिढीवर कर्ज ठेवून जायचं का? केतकी म्हणाली, पुढची पिढी मीच आहे, मला विचारा ना, मला कर्जापेक्षा मेलेला समुद्र जास्त महाग पडेल. प्रसन्न म्हणाला, दोघांचंही बरोबर आहे. दोघंही त्याच्यावर तुटून पडली. आजीनं नातीची बाजू घेतली, मग परवान्याची गोष्ट पुन्हा निघाली तेव्हा लेकाची घेतली. नुपूरनं जपानीत विचारलं, की यांचं भांडण चाललंय की समेट? आवाज चढत चालले. पद्मिनीनं उठून बाल्कनीचं दार घट्ट लावलं, एका दिवसात दुसऱ्यांदा डबे घेऊन फिरायची तिची तयारी नव्हती.

दाराला पाठ टेकवून ती त्या टेबलाकडे पाहत उभी राहिली. नंदकिशोर घास हातात तसाच धरून तावातावानं बोलत होता, केतकी त्याचं वाक्य संपायची वाट बघत होती, नाइलाजानं का होईना, पण बघत होती. पद्मिनीला फार बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्याच्या तळाशी दुसरंच काहीतरी होतं, ते आज एकदम वर आलं.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

कुणाला ऐकूच गेलं नाही. तिनं पुन्हा म्हटलं, जरा मोठ्यानं. सगळे थांबले.

"तुम्ही दोघं निवडणुकांवरून भांडता ना, तेव्हा मला तुमचा हेवा वाटतो. मी अठरा वर्षं या देशात कर भरतेय. कचरा वेगळा करते, शाळेच्या सभांना जाते, भूकंपाच्या सरावाला सगळ्यांत आधी खाली उतरते. पण नागरिक नाही, म्हणून मतदान नाही. तिकडे पुण्यात आपलं नाव असेल यादीत, पण त्यासाठी विमानानं कोण जाणार? परवा खालून प्रचाराची गाडी चालली होती. उमेदवार हात हलवत होता, मीही हलवला. त्यानं किती वाकून नमस्कार केला. मला इतकं वाईट वाटलं. त्याला वाटलं असेल, ही एक आपली."

नुपूरनं आईकडे वळून पाहिलं.

"हे तू मला कधी सांगितलं नाहीस," प्रसन्न म्हणाला.

"तू विचारलं नाहीस. कुणीच विचारत नाही. इकडचं तिकडे आणि तिकडचं इकडे सांगण्यातच माझा दिवस जातो."

जयमालाबाईंनी शेजारची खुर्ची सरकवली. नंदकिशोरनं हातातला घास ताटात ठेवला. या घरातल्या धाकट्या सुनेला त्यानं आजवर आमटी हवी का, चहा आहे का, याखेरीज काही विचारलं नव्हतं, आणि हे त्याच्या आत्ताच लक्षात आलेलं त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मग तू सांग, पद्मिनी," तो म्हणाला. "कालवांना सरकारनं पैसे द्यावेत की नाही?"

पद्मिनी खुर्चीत बसली. तिनं आधी स्वतःला साखरभात वाढून घेतला.

"सांगते," ती म्हणाली. "पण भाऊजी, माझं पुरं होईपर्यंत मध्ये बोलायचं नाही."

"नाही बोलत."

"केतकी, तूसुद्धा."

"प्रॉमिस, काकू."

आणि सगळे आपल्याकडे बघत असताना, जराही घाई न करता, पद्मिनी बोलायला लागली.